सकाळचा तो फोटो पुसून टाका

मंडळी, सकाळी मी या ग्रुपवर तुरुंगाच्या जुन्या कागदाचा फोटो टाकला होता. तो आधी पुसा, मग पुढचं वाचा.

निवृत्तीनंतर मी अमरावतीत कैद्यांच्या जुन्या फायली लावायला जाते, हे तुम्हाला ठाऊक आहे. आज एका पानावरचं अक्षर फार सुंदर दिसलं, म्हणून फोटो काढून इथे टाकला. पानावर कैद्याचं नाव, गाव, कपाळावरची खूण आणि खुनाचा आरोप, सगळं स्पष्ट होतं.

दुपारी दर्यापूरहून एका बाईंचा फोन आला. "मॅडम, माह्या सासऱ्याचा कागद तुमीच टाकला काय? गावात साऱ्यांच्या मोबाईलवर फिरून राहिला."

मी ताठपणे म्हटलं, "कागद खरा आहे."

"खराच हाय. पण ते निर्दोष सुटले, ते कावून नाई टाकलं? उद्या माह्या नातीले पाहाले पाव्हणे येऊन राहिले."

मी फाईल पुन्हा उघडली. शेवटची नोंद होती, 'कोर्टात रवाना'. पुढे कोरं. कोर्टातून परस्पर सुटलेल्या माणसाचा निकाल कोर्टाच्या दप्तरात राहतो, तुरुंगाच्या फायलीत येत नाही. हे मला माहीत होतं.

फोटो कोणी पुढे पाठवला? मी रागावणार नाही, फक्त कुठे पाठवला ते सांगा. पाहुणे अकोल्याचे आहेत, आणि आपल्या या ग्रुपवर निम्मे लोक अकोल्याचेच आहेत.