एकाच माशीचे तीन फोटो

निवृत्तीनंतर हे काय करणार, असं कोणी विचारलं की मीच उत्तर देई, "माश्या मारत बसतील." देवाने ऐकलं, पण अर्धवट. हे माश्या मारत नाहीत, त्यांचे फोटो काढतात.

हे म्हणजे आमचे दामोदर निपाणीकर. बंगळूरच्या एका सरकारी कारखान्यात बत्तीस वर्षं ड्रॉइंग तपासत होते. खाली 'तपासले' लिहून यांची सही झाल्याशिवाय साधा नटसुद्धा तयार होत नसे. १९९३ साली संगणक आले, ड्रॉइंगबोर्ड जिन्याखाली गेले आणि हे दोन वर्षं आधीच घरी आले. चार महिने नुसते खुर्चीत बसून होते. ते दिवस मला आठवायलाही नकोत.

मग एका सकाळी, बनशंकरीतल्या आमच्या परसात, माझ्या अळूच्या पानावर यांना ती दिसली. तांदळाच्या दाण्याएवढी, हिरवीगार चमकणारी, आणि अंगाच्या मानाने पाय भलतेच लांब.

"कल्पना, ये लवकर! चवड्यांवर उभी राहिल्यासारखी दिसते बघ!"

कपाटातला जुना कॅमेरा निघाला. लेन्स उलटी बसवली की बारीक वस्तू मोठी दिसते, हे कुठूनसं कळलं. आता या माशीचं नाव शोधायचं, एवढा एकच ध्यास. मला हुकूम झाला, अळूला हात लावायचा नाही. परसात अळू डुलतोय आणि वर्षभर घरात अळूवडी नाही, हे दुःख सांगायचं कोणाला? फोटो धुऊन देणारा कानडी भीमसेनसुद्धा कंटाळला. म्हणाला, "सार, माणसांचेही स्वल्प, थोडे काढा की. अक्कांचा एक तरी?"

शेवटी यांनी तीन फोटो निवडले, वरून, समोरून आणि बाजूने, अगदी ड्रॉइंगमध्ये असतात तसे. ते डॉ. नरसिंह या कीटकांच्या जाणकारांना पाठवले. उत्तर आलं, "वरून घेतलेली मादी आहे, बाजूने घेतलेला नर. त्याच्या पोटाचं टोक खाली वळलेलं आहे, पाहा. तिन्ही फोटो मिळून होणारी माशी जगात नाही."

कारखान्यात एका ड्रॉइंगवरून हजार नट निघतात, कुठलाही उचला, सारखाच. त्याच हिशेबाने यांनी एका पानावरच्या तीन वेगवेगळ्या माश्या तीन बाजूंनी टिपल्या होत्या.

कॅमेरा कपाटात गेला आणि हे खुर्चीत. "माझी नजरच गेली गं. घरी पाठवलं ते बरोबरच होतं."

मला डॉक्टरांचा राग आला, यांचा त्याहून जास्त. पुन्हा ते चार महिने मला नको होते. कॅमेरा काढून यांच्या मांडीवर ठेवला. "चुकलेलं ड्रॉइंग तुम्ही परत पाठवत होता ना? मग ते लोक काय रडत बसायचे? दुसरंच काढायचे ना? उठा."

माशी क्षणभर टेकायची आणि उडायची. त्यात वाऱ्याने पान हलायचं. म्हणून मी पानाची कड चिमटीत धरून उभी राहू लागले. हात अळूने खाजून लाल झाले. तीन रोल फुकट गेले. चौथ्या रोलला मात्र एक माशी बसली ती बसलीच. वरून, समोरून, बाजूने. आम्ही दोघांनी श्वाससुद्धा घेतला नाही.

दुसरं पत्र फोडायचा यांना धीर होईना, म्हणून मीच वाचलं. "नर आहे. लांब पायांच्या माश्यांच्या कुळातला, यात शंका नाही. नेमकी जात फोटोवरून सांगता येणार नाही, त्यासाठी माशी मारून पाठवावी लागेल. मात्र तिन्ही फोटो एकाच माशीचे आहेत आणि फार स्वच्छ आहेत. पानाची कड धरलेल्या अंगठ्यामुळे आकाराचाही अंदाज आला."

"म्हणजे पुरतं नाव नाहीच!" मी हिरमुसले.

"मारायची तर नाहीच," हे म्हणाले. पत्र माझ्या हातातून घेऊन 'तिन्ही फोटो एकाच माशीचे आहेत' ही ओळ यांनी दोनदा वाचली. मग फोटो पालथे करून प्रत्येकावर तारीख घातली, खाली 'तपासले' लिहिलं आणि सही केली. कारखाना सुटल्यापासूनची ती पहिली.

यांनी पेन माझ्यापुढे धरलं. "तूही कर. पान तू धरलं होतंस."