फुटपाथवरची जास्वंद

रोज सकाळी फिरायला येणाऱ्या एक आजी छत्रीच्या वाकड्या मुठीने माझ्या जास्वंदीची फांदी ओढतात आणि देवासाठी फुलं काढून पिशवीत भरतात. त्यांना वैतागूनच मी फुटपाथलगत तारेचं कुंपण घालायची परवानगी पालिकेकडे मागितली होती. आज पालिकेचे साहेब टेप घेऊन आले, तेव्हाही आजींचं फुलं काढणं चालूच होतं.

मोजमाप करून साहेब म्हणाले, "ही फांदी फुटपाथवर येते. आधी ती तोडा, मग कुंपणाचं बघू."

मी तोंड उघडायच्या आत आजी कडाडल्या, "हात तर लावून बघा! माझ्या देवाची फुलं आहेत ती."

माझं झाड, आणि भांडतंय कोण! मी वर पाहिलं. उद्याच्या कळ्या सगळ्या हद्दीबाहेर होत्या. मी मुळाशी उभी राहून मालकी सांगत बसले होते, झाड मात्र कधीच रस्त्यावरच्या माणसांत जाऊन मिसळलं होतं.

"कुंपण नको," मी साहेबांना म्हटलं. "आणि फांदीही तोडणार नाही."

"नोटीस येईल."

"येऊ द्या."

मग आजींकडे वळून मी म्हटलं, "उद्यापासून छत्री आणू नका. मी इथे फुटपाथवर स्टूल ठेवते."