ब्लीचिंग पावडरचं पांढरं

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा आमच्या गल्लीत टँकरचं पाणी यायचं, आणि त्यात टाकायला घरोघरी ब्लीचिंग पावडर वाटलेली. मंत्री येणार म्हणून सगळं गाव चुना फासून घेत होतं. माझ्या वडलांना, अप्पांनाही, पांढरं दिसायची हौस आली. आम्ही लिंगायत; गळ्यात इष्टलिंग बांधायचं वस्त्र ते नेहमी स्वतःच धुवायचे, दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. गढूळ पाण्यानं ते पिवळं पडलेलं. त्यांनी लिंग तेवढ्यापुरतं दुसऱ्या फडक्यात गळ्याशी बांधलं, बादलीत मूठभर पावडर कालवली आणि वस्त्र दिवसभर बुडवून ठेवलं. सोबत माझी कॉलेजची ओढणीही. खळबळून काढायला पाणी कुठलं? तसंच पिळून वाळत घातलं. अगं बाई, काय पांढरं निघालं ते!

मग एका सकाळी आमच्या धान्याच्या दुकानात अप्पा गिऱ्हाइकांसमोर ज्वारी मापायला वाकले, आणि गळ्यातलं वस्त्र तुटलं. लिंग ज्वारीच्या ढिगात पडलं. आमच्यात लिंग अंगावेगळं होणं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. कुणी हसलं नाही, सगळे खाली बघायला लागले. शरमेनं मला मान वर करवेना.

मठाचे स्वामी आले, लिंग नव्या वस्त्रात बांधलं, जेवा म्हणाले. पण अप्पा भिंतीकडं तोंड करून बसले. दुसऱ्या दिवशीही अन्नाला शिवेनात. आई रडून थकली.

मी रसायनशास्त्र शिकत होते. माझं डोकंच फिरलं. "अप्पा, पाप-बिप काही न्हाई! कापसाच्या धाग्यात लांब लांब साखळ्या असतात. पावडर त्या तोडती. धुवायला पाणी नव्हतं, म्हणून ती धाग्यातच राहिली, खातच राहिली. लांब कडब्याची पेंढी बांधता येती, बारीक तोडलेल्या कुट्टीची येती का? वरून पांढरं, आत नुसती कुट्टी झाली होती!"

अप्पांनी पहिल्यांदा मान वळवली. माझ्याकडं बघितलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"माय, तुझी ओढणी बी त्याच बादलीतली की गं. तीच घेऊन रोज कॉलेजात जायलीस."

मी खांद्यावरची ओढणी चिमटीत धरली. बोट आरपार गेलं. एवढी शहाणी मी, आणि ती कुट्टी अंगावर घेऊनच भाषण देत होते!

"माझं लिंग ज्वारीत पडलं. तुझी लाज भर रस्त्यात गेली असती तर मी काय केलं असतं गं?" अप्पांना रडू फुटलं. मला तोंड लपवायला तीच ओढणी होती.

आईनं ताट पुढं केलं. अप्पा म्हणाले, "आधी तिला दुसरी ओढणी दे. मग जेवतो."