मराठीतलं खोटं

माझ्या मैत्रिणीने मला फसवलं, आणि फसवलं ते मराठीत. हिंदीत फसवलं असतं तर मी दोन दिवस गाल फुगवून बसले असते आणि सोडून दिलं असतं. पण मराठीत! अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

आम्ही दोघी बनारसच्या मराठी घरांतल्या. संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत आमची घरं समोरासमोर. शाळा हिंदी, बाजार हिंदी, भांडणंसुद्धा हिंदी. मराठी फक्त घरात, तीही 'भाजीत नमक कमी पडलं' अशा थाटाची. आख्ख्या वर्गात मराठी कळणाऱ्या आम्ही दोघीच, त्यामुळे बाईंच्या नाकासमोर बसून वाट्टेल ते बोलायचो. केव्हातरी आमच्यात एक नियम पडला. हिंदीत हव्या तेवढ्या थापा मारायच्या, मराठीत मात्र खरंच बोलायचं. शपथ नाही, काही नाही. नियम म्हणजे नियम. तिचं लग्न ठरलं तेव्हा वर्गातल्या मैत्रिणींना हसत हसत म्हणाली, "लड़का तो हीरा है हीरा!" आणि तशीच माझ्याकडे वळून म्हणाली, "पाय थरथरतायत गं माझे." साठी उलटली तरी हे असंच चालू होतं.

मग तिच्या किडन्या गेल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. तिचे यजमान दशाश्वमेधावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं, पूजा सांगतात. सकाळी त्यांना घाट सोडता येत नाही, म्हणून तिला मी न्यायची. गल्ली संपेपर्यंत माझ्या खांद्यावर हात ठेवून चालायची, पुढे ई-रिक्षा.

दवाखान्यात पोचलो की आमच्या बाईसाहेब खुलायच्या. "लो सिस्टर, आ गई तुम्हारी टंकी, सफ़ाई कर दो." शेजारच्या खाटेवरचा माणूस घाबरलेला दिसला की त्याला सांगायची, "डरो मत भइया. यमराज का भैंसा हमारी गली में घुसेगा, तो पहले साँड से निपटेगा. आदमी तक पहुँचते-पहुँचते शाम हो जाएगी." सगळी खोली हसायची. आणि तेच हसू तोंडावर ठेवून ती मला म्हणायची, "हात धर. सुई बघवत नाही मला." सिस्टरला वाटायचं आणखी एक विनोद झाला, तीही हसायची. मी हात धरायचे. तिचं खरं रडणं असं भर दिवसाउजेडी, लोकांच्या समोर, फक्त मला ऐकू यायचं. खोटं कशाला सांगू, मला त्याचा माज होता.

सगळ्यात वाईट पाण्याचं. दिवसाला मोजकं पाणी, चहा-आमटी धरून. बनारसचा जेठ महिना म्हणजे दगडी पायरी भाजते, आणि ही एका फुलपात्रावर दिवस काढायची. वेलदोड्याचा दाणा चघळायची. चूळ भरायची आणि एक थेंब आत न जाऊ देता थुंकायची. लस्सीच्या दुकानावरून जाताना मान वळवून घ्यायची. "गंगेच्या काठी जन्म काढला आणि घोटभर पाण्याला महाग झाले बघ," म्हणायची. हे अर्थात मराठीत.

एकदा तिथे कुणाचा तरी नातेवाईक आला होता. तिच्याकडे बघून म्हणाला, "माताजी, आप तो भाग्यवान हैं. काशी में हैं, मुक्ति तो पक्की." काशीत मेलं की पुन्हा जन्म नाही, हे आमच्याकडे दुधाच्या भावासारखं रोज कानावर पडतं. ही खाटेवरून म्हणाली, "ना भइया, हमको मुक्ति नहीं चाहिए. हम तो लौटेंगे. एक लोटा ठंडा पानी एक साँस में पीना है." काय हशा पिकला! सगळ्यात मोठ्याने हसले मी.

पितृपंधरवडा तोंडावर आला आणि पुण्याहून तिचा धाकटा भाऊ आला. ती मला ओट्याशी येऊन म्हणाली, "अगं, त्याने नवं घर घेतलंय. बघून येते. तिकडे डायलिसिसची सोय केलीय त्याने. पंधरवडा संपला की परत." मराठीत म्हणाली, माझ्या डोळ्यांत बघून. मी उलट खूशच झाले. म्हटलं, जरा हवापालट होईल. घाटावर ऐन गर्दीचे दिवस, त्यामुळे यजमानांना सोबत जाणं शक्य नव्हतं. मी रव्याचे लाडू करून डब्यात भरून दिले. निघताना तिने मला जवळ घेतलं, ते नेहमीपेक्षा जरा जास्तच. मला आपलं वाटलं, प्रवासाची धाकधूक.

तिची शाल दवाखान्यातल्या खाटेवर राहिली होती. ती आणायला मी गेले तर सिस्टरने माझा हातच धरला. म्हणाली, "आंटी की बहुत याद आती है. सबके गले लगकर गईं. बोलीं, अब मशीन नहीं, बहुत हो गया." मी म्हटलं, "पुणे में करा रही हैं न?" तिने माझा हात सोडला. "नहीं आंटी. वहाँ भी नहीं. बड़े डॉक्टर ने कितना समझाया. आपको... नहीं बताया?"

नाही. मला नाही सांगितलं. सुई टोचणाऱ्या मुलीला सांगितलं, बाजूच्या खाटेवरच्या भइयाला सांगितलं, आणि मला लाडू वळायला बसवलं!

मी जिन्यातच उभी राहून फोन लावला. हॅलो नाही, काही नाही. "खोटारडे! आताच्या आता मशीनवर जा, नाहीतर मी गाडीत बसते."

ती हसली. हसताना दम लागत होता. "अरे, धीरे बोलो. यहाँ सब मराठी समझते हैं."

"हिंदीत नको. माझ्याशी मराठीत बोल."

 ती म्हणाली, "लड्डू बढ़िया बने थे," आणि फोन ठेवला.

जन्मभर जो पडदा तिने जगासाठी ठेवला होता, तो माझ्या तोंडावर ओढला. मला बाकीच्यांच्या पंगतीत बसवलं. इतका अपमान माझा कुणी केला नाही. मी तिकीट काढलं. पण गाडी सुटायच्या आधीच तिच्या भावाचा फोन आला.

यजमान जाऊन आले ते रिकाम्या हातांनी. सगळा देश अस्थी घेऊन इथे येतो आणि काशीची लेक आळंदीला इंद्रायणीत गेली! गल्लीत कुजबुज सुरू झाली. ते उन्हातून थेट माझ्याकडे आले, पायरीवरच बसले. मी तांब्या पुढे केला. त्यांनी तो तोंडाला लावला आणि एका दमात, घटाघटा, पूर्ण रिकामा केला.

"ताई," ते म्हणाले, "भावाला तिने बजावून ठेवलं होतं. काशीला न्यायचं नाही. अस्थीसुद्धा गंगेत नकोत. का हो? मी काय कमी केलं?"

मी त्या रिकाम्या तांब्याकडे बघत होते. एक लोटा ठंडा पानी. सगळ्या खोलीदेखत सांगितलं होतं की तिने! पण हिंदीत सांगितलं, म्हणून मी थाप समजून हसले. खरं तिने हिंदीत सांगितलं आणि खोटं मराठीत. मला कळलं असतं तर मी तिला मशीनवर ओढत नेली असती, हे ती ओळखून होती. ओळखत होती म्हणून काय झालं? विचारायचं तरी मला! भांडायचं!

आणि यांना आता काय सांगू? या माणसाचा जन्म लोकांना मुक्तीचा संकल्प सांगण्यात गेला. त्यांना सांगू, की तुमची बायको त्याच मुक्तीला घाबरून पळाली, पाण्यासाठी?

"मला काय माहीत, भावोजी," मी म्हटलं. "मला काही बोलली नाही."

त्यांनी मान हलवली. "तुम्हाला माहीत नाही, म्हणजे कुणालाच माहीत नसणार. ती म्हणायची, आम्ही दोघी मराठीत खोटं बोलत नाही."

ते गेल्यावर मी तांब्या उचलला. भवाने, जाता जाता मलाही बाटवून गेलीस.