हरलेल्यांचा वेल

आमच्या ह्यांच्या मामांएवढा हरायला राजी असलेला माणूस बेळगावपास्नं निपाणीपतोर शोधला तरी सापडायचा न्हाय. लोक जिंकायसाठी नवस बोलतात, आणि हे मामा म्याच हरली की देवळाफुडं नारळ फोडतात. मी नवी नवरी होऊन ह्या गावात आले तवा मला वाटलं, मामांच्या डोस्क्यात काय तरी बिघाड हाय. मी मुळातली भित्री. कुत्रं भुकलं तरी माझ्या छातीत धडधड सुरू व्हतीया, आणि हे माणूस गळ्यात शिट्टी बांधून दारातनं आत येणार, ती पण जोरात फुंकून. डोस्क्यावर पदर घ्यायला सुद्धा सवड द्यायचे न्हाईत.

शिट्टी रेफ्रीची. कार्तिकातल्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गावाची आणि ओढ्यापलीकडच्या गावाची फुटबॉलची म्याच असते, तिचे रेफ्री मामा. म्याच वर्षातनं एकदा, खरं शिट्टी बारा महिने गळ्यात. बस थांब्यावर थांबली न्हाय की मामा फुंकणार, आणि ड्रायवर दचकून ब्रेक मारणार. बैल वाकडा चालला की शिट्टी. माझी लेक रडाय लागली की शिट्टी, मग ती जास्तच रडणार. खिशात एक रुमाल हळदीत बुडवून पिवळा केलेला आणि एक कुंकवात बुडवून तांबडा. माझ्या सासूबाई म्हंजे मामांची सख्खी भैन, गावातल्या गावातच दिलेली. त्या एकदा मामांवर कडाडल्या तवा मामांनी पिवळा रुमाल काढून त्यांच्या नाकाफुडं धरला. सासूबाई म्हटल्या, "तांबडा दाव की रं, म्हंजे माहेरी निघून जाते. तुझ्याच घरात येऊन बसते, मग कळंल." मामांनी रुमाल गपचूप खिशात घातला.

तर ही म्याच. आमच्या भागात जत्रेला कुठं गुळाची म्याच असते, कुठं मिरचीची, आमची रताळ्याची. गेल्या वर्षी जे गाव हरलंय त्यांनी आपल्या रानातली पोतंभर रताळी आणायची, ग्राउंडच्या कडंला गुऱ्हाळाच्या काहिलीत शिजवायची, आणि म्याच झाली की दोन्ही गावांनी एका पंगतीला बसून खायची. जिंकलेल्या कप्तानानं पहिलं रताळं सोलून हरलेल्याच्या हातात द्यायचं. आणि खरी गोष्ट फुडंच हाय. ज्या रानातली रताळी, त्याच रानातला वेल यंदा हरलेल्या गावाला द्यायचा. त्यांनी तो उन्हाळाभर परसात पाणी घालून जगवायचा, पावसाळ्यात रानात लावायचा. म्हंजे जो हरला तो फुडल्या वर्षीचा यजमान. म्हणून मामांचा नारळ. कोण किती गोलनं जिंकलं ते मामांना एका वर्षाचं सांगता येत न्हाय, खरं कुठल्या वर्षी रताळं गोड होतं आणि कुठल्या वर्षी दोरे लागत होते ते इचारा, घडाघडा सांगतील.

आता बेळगावात एक मोठी टुर्नामेंट हाय. पयलं त्यात चारच टीमा बाद फेरीत जायच्या. गेल्या वर्षी त्यांनी बारा केल्या. बारा केल्यावर ज्याला त्याला वाटाय लागलं, आपण पण आत शिरतोय. दोन्ही गावची चांगली चांगली पोरं कुठल्या ना कुठल्या टीमात गेली, आणि तारखा नेमक्या जत्रेवर आल्या. जत्रेआधी टुर्नामेंटवाल्यांचा एक माणूस मोटरसायकलवरनं मामांकडं आलता, मी तिथनंच भाकरीचं पीठ दळून घेऊन परत येत होते. तो म्हटला, "मामा, तुमची म्याच आमीच घेतो की. पात्रता फेरी म्हणून. बेळगावच्या ग्राउंडवर."

"आणि हरलेले?"

"हरलेले घरी."

"न जेवता?"

"मामा, ती टुर्नामेंट हाय, जेवणावळ न्हाय."

मामांनी त्याला सरळ तांबडा रुमाल दावला. वर म्हटले, "बारा टीमातली एक जिंकणार. म्हंजे अकरा तोंड पाडून घरी जाणार. आमच्यात ये, एक तरी तोंड पडलेलं दाव मला."

खोटं कशाला बोलू, मला तवा मामांचा राग आलता. कारण बारा केल्या म्हणूनच आमच्या ह्यांची टीम आत गेलती, चार असत्या तर कुणी दारात उभं केलं नसतं. हे फौंड्रीत कंत्राटावर हाईत. फौंड्रीच्या सायबानं सांगितलतं, टीम फायनलला गेली तर पोरांना पर्मनंट करतो. पयली म्याच जिंकली. दुसरी जत्रेनंतरच्या रविवारी. आणि मधी ही रताळ्याची म्याच, खड्ड्याच्या ग्राउंडवर, ज्यात दर साली कुणाचा तरी गुडघा नायतर घोटा जातोय. ह्यांना मामांना न्हाय म्हणवत न्हवतं. लहानपणी बॉलला लाथ मारायला मामांनीच शिकवलेलं. आणि मला काय सुचंना, कडंवर नऊ महिन्याची लेक, डोळ्याफुडं सारखा ह्यांचा प्लास्टरातला पाय. मग जत्रेच्या पयल्या दिवशी सकाळी मी ह्यांचे बूट कागदात गुंडाळून तांदळाच्या डब्यात घातले आणि वरनं झाकण लावलं.

आणि मामा आले. शिट्टी फुंकली, आणि आख्खं घर सोडून त्याच डब्यावर बसले.

"उद्या किती वाजता येतोस रं?" त्यांनी इचारलं. हे कॉटखाली डोस्कं घालून म्हटले, "येतो की मामा, खरं बूट कुठं गेल्यात कळंना. अगं, बूट बघितलीस काय?"

"मला काय म्हाईत," मी म्हटलं, आणि माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटला.

तेवढ्यात लेक रांगत डब्याकडं गेली. झाकणाच्या फटीतनं बुटाची नाडी बोटभर बाहेर आलती, ती तिनं धरली आणि ओढाय लागली. मामांनी खाली बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मी तिथंच मेले असते तर बरं झालं असतं. मामांनी खिशातनं पिवळा रुमाल काढला, नाडीवर टाकला, लेकीला उचलून मांडीवर घेतलं आणि ह्यांना म्हटले, "शोधू नको. यंदा तुला रेफ्रीनं बसवलंय. रविवारी खेळायचं हाय न्हवं? मग पायाला जप."

जाताना दारात माझ्याजवळ थांबले. हळू म्हटले, "पोरी, भ्या वाटतंय त्यात चूक न्हाय. खरं तांदूळ धुऊन घे, चामड्याचा वास लागंल."

दुसऱ्या दिवशी म्याच झाली, तिला म्याच म्हणायचं तर. आमच्याकडनं सात गडी, त्यातले चार नातवंडं असलेले. पलीकडचे सहा. मामा आमचे गोलकीपर पण आणि रेफ्री पण. स्वताच्याच पायातनं गोल गेला आणि स्वताच शिट्टी फुंकून हात वर केला. लोक हसले, मी पण हसले. मग मी ह्यांच्याकडं बघितलं. हे कडंला उभे, चपलेच्या टोकानं माती उकरत, कुणाच्या नजरेला नजर न देता. मला वाटलं, मी बूट न्हाय, माणूसच डब्यात घातला.

एक एक गोलवर म्याच सुटली. कुणीच हरलं न्हाय. पंगत बसली, रताळी खाल्ली, आणि मग वेलाची पाळी आली. आमच्या कप्तानानं पलीकडच्याला म्हटलं, "तुमी घ्या की अण्णा."

"आमी कुठलं घेताव, तुमीच घ्या. आमच्यात पोरं कुठं हाईत आता."

"आमच्यात तर कुठं हाईत!"

दोघं पण हसत होते, खरं हात कुणाचा फुडं येत न्हवता. मामा मधी वेलाची जुडी धरून उभे. एकदा ह्याच्याकडं बघत, एकदा त्याच्याकडं. शिट्टी छातीवर लोंबत होती, त्यांना तिची आठवण पण न्हवती. एवढ्या बडबड्या माणसाला असं गप मी कधी बघितलं न्हवतं, आणि मला त्या गप बसण्याचं जे भ्या वाटलं ते गुडघ्याच्या भ्यापेक्षा मोठं होतं. मी उठले कधी आणि गेले कधी मला आठवत न्हाय. सगळे बाप्ये बसलेले, लेक कडंवर, मी पदर फुडं केला.

"मामा, मला द्या."

मामांनी इचारलं, "तू कुठल्या टीमची गं?"

"मी कालच हरले की."

त्यांनी जुडी माझ्या पदरात टाकली, आणि मग असली शिट्टी फुंकली की लेक दचकून रडाय लागली.

रविवारी फौंड्रीची टीम हरली. सायेब गाडीत बसून गेले, पोरांना चहा पण कुणी इचारला न्हाय. हे बसनं आले, पिशवी खाली ठेवली, तोंड भिताडाकडं केलं. मी राहिलेली दोन रताळी उकडून सोलून हातात दिली. हे लई वेळ तसेच धरून बसले, मग खाल्ली. पर्मनंटचं काय झालं न्हाय. कंत्राट चालू हाय.

वेल मी उन्हाळाभर परसात जगवला, धुणं धुतल्याचं पाणी घालून. पावसाळ्यात मागच्या पट्टीत लावला. आता जत्रा आठ दिवसांवर आलीया. टुर्नामेंटवाल्यांनी यंदा सोळा टीमा केल्यात म्हणं. बूट मी घासून उंबऱ्याजवळ ठेवल्यात, घालायचे का न्हाय ते ह्यांचं हे ठरवतील. मामा रोज दुपारची उन्हं कलली की येतात आणि सरीच्या कडंला बसतात. त्यांना आता दम लागतोय, शिट्टी फुंकली तर नुसती हवा येतीया. मातीला भेगा पडल्यात, म्हंजे आत रताळी फुगल्यात. मामा भेगंत बोट घालून बघतात.

काल इचारत होते, "किती गडी येतील गं?"

"म्हाईत न्हाय मामा," मी म्हटलं. "खरं रताळी दोन्ही गावांना पुरतील."

मामांनी शिट्टी उचलून ओठात धरली. वाजवली न्हाय. नुसती धरून बसले.