घडीतली हवा

तिला सगळे घडीबाई म्हणायचे. हे नाव तिला धुलाईघरात मिळालं होतं आणि सव्वीस वर्षं एकाच टेबलाशी उभं राहून तिने ते कमावलं होतं. दोन इस्पितळांच्या आणि चार हॉटेलांच्या चादरी तिथे धुवायला यायच्या. धुवायला यंत्र होतं, वाळवायला यंत्र होतं, इस्त्रीलाही होतं. घड्या घालायला मात्र माणसंच. पन्नास चादरींची चळत ढकलगाडीच्या एका कप्प्यात बसलीच पाहिजे, असा तिथला दंडक. नव्या बायकांची चळत त्रेचाळीस-चव्वेचाळीसलाच वरच्या फळीला टेकायची आणि मग मुकादम गरजायचा, "घडीत हवा राहिली!" धुलाईघरात याहून मोठी शिवी नव्हती. घडीबाईच्या पन्नास चादरी बसून वर हाताचा पंजा सरकेल एवढी जागा उरायची. चादर दुमडली की कोपरापासून मनगटापर्यंतचा हात ती त्यावरून असा फिरवायची, की आतली हवा निमूटपणे काढता पाय घ्यायची.

तिचं दुसरं कसब वजनाचं. कपडे किलोवर यायचे. घडीबाईने गाठोडं नुसतं उचललं की ती आकडा सांगायची, आणि काट्याचा आकडा वेगळा आला तर मुकादम आधी काटा तपासायचा. या दोन गोष्टींचा तिला गर्व होता. का नसावा? लोक याहून कितीतरी कमी भांडवलावर छाती पुढे काढून फिरतात.

तर अशी ही बाई स्वतःच्या लेकीची बॅग भरताना मात्र अगदी गबाळी घडी घालायची. आणि ते ती मुद्दाम करायची.

लेक परदेशात वृद्धाश्रमात नर्स होती. दोन वर्षांतून एकदा तीन आठवडे यायची. पहिल्यांदा जायला निघाली तेव्हा बॅग भरायचं काम आपसूकच आईकडे आलं, कारण घरात घडी घालणारी असताना दुसरं कोण हात लावणार? त्या दिवशी मात्र डोळ्यांतलं पाणी पुसायचं की कपडे दुमडायचे, अशी गत झाली होती. घड्या सैल पडल्या, बॅग मिटेना, आणि सहा कपडे बाहेर राहिले. लेक म्हणाली, "राहू दे गं आई. पुढच्या खेपेला नेईन."

एवढंच वाक्य. लेक बोलून मोकळी झाली, पण घडीबाई त्या वाक्यावर दोन वर्षं जगली. कपाटात पोरीचे सहा कपडे आहेत म्हणजे पोरगी अजून पुरती गेलेली नाही, असा हिशेब तिने मनाशी बांधला. पुढच्या वेळी ती शहाणी झाली होती. सदऱ्याची बाही आत न घेता बाजूला सोडायची, स्वेटर चौकोनी न दुमडता नुसता गुंडाळायचा, पँटच्या घडीत हळूच हवा राहू द्यायची. बॅग फुगायची, लेक तिच्यावर बसायची, बाप चेनशी झटायचा आणि शेवटी एक गठ्ठा कपाटात परत जायचा. घडीबाई तोंडाने "अरेरे" म्हणायची. आतून तिला इतका आनंद व्हायचा, की तिचं तिलाच लाजल्यासारखं व्हायचं.

तिसऱ्या भेटीपर्यंत कपाटाचे दोन खण भरले होते. कॉलेजातले सदरे, निळा झगा, गुडघ्यावर विटलेली पँट, पिवळा स्वेटर. दर रविवारी ती ते सगळं बाहेर काढायची, इस्त्री फिरवायची आणि परत ठेवायची. पोरीची आठवण अनावर झाली की कपडे आपोआप चुरगळलेले दिसतात, हे तिने कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला वाटायचं, हिला कामाची खोडच लागली आहे.

नवरा रेडिओ दुरुस्त करणारा. स्वभावाने गरीब, पण यंत्र दिसलं की त्याचं भान हरपायचं. म्हणूनच चौथ्या भेटीच्या शेवटच्या दिवशी, दुपारची जेवणं उरकल्यावर लेकीने पिशवीतून साबणाच्या डबीएवढं काहीतरी काढलं तेव्हा पहिला हात त्याचाच पडला.

"हे काय गं? दाढीचं यंत्र आणलंस का मला?"

"पंप आहे बाबा. हवा काढायचा."

तिने जाड प्लास्टिकची एक पिशवी पसरली, त्यात चार स्वेटर कोंबले, तोंड बंद केलं आणि पिशवीवरच्या भोकावर ती डबी टेकवून बटण दाबलं. माशी कानाशी यावी तसा आवाज सुरू झाला. वीतभर उंचीचा गठ्ठा बघता बघता आत ओढला गेला, सुरकुतला, आकसला आणि मिनिटभरात विटेसारखा कडक होऊन पडला. बापाने तोंडात बोट घातलं. मग धावत जाऊन स्वतःची उशी घेऊन आला आणि तिचीही हवा काढली. ती चपटी उशी हातात धरून तो घरभर फिरला.

"या वेळी सगळं नेते आई," लेक उत्साहाने म्हणाली. "तुझं कपाट एकदाचं मोकळं करून टाकते."

जणू उपकारच करत होती. आयुष्यभर घडीबाईच्या हाताने जे काम केलं ते ही डबी करत होती, आणि नेमकं तिच्याच मुळावर आली होती.

"अगं, ती जुनेरं कशाला तिकडे? विटलंय सगळं."

"असू दे."

"तुला होणार तरी आहे का ते?"

"नाही झालं तर नाही झालं."

"प्लास्टिकमध्ये कोंबून कपडे कुबट होतात बरं. धुलाईघरात बघते ना मी."

"अगं, आत हवाच नाही तर कुबट कसे होतील?" हा बाप. उशी अजून हातातच. बायको कुठल्या बाजूने बोलते आहे हे या माणसाने जन्मात एकदा तरी ओळखलं असेल तर शपथ.

पहिला खण रिकामा झाला. मग दुसरा. तळाशी घातलेला वर्तमानपत्राचा पिवळा कागद दिसायला लागला. घडीबाई दाराच्या चौकटीला टेकून बघत होती. आता ही गेली की रविवारी आपण काय करायचं, हा एकच प्रश्न तिच्या डोक्यात घुमत होता. आणि त्यामागचा दुसरा, जो ती स्वतःलाही धड विचारत नव्हती: इथे काहीच उरलं नाही तर ही पोर परत येईल कशाला? आईबापांना भेटायला येतात माणसं, पण ती आज नाही तर उद्या म्हणत राहतात.

बॅग मिटली. न बसता, न झटता चेन सरकन फिरली. लेकीने टाळ्या वाजवल्या. बॅग दाराशी न्यायला म्हणून घडीबाईने मूठ धरून उचलली आणि जागच्या जागी थांबली.

एकतीस किलो.

विमानात तेवीस चालतात, हे घरात पाठ होतं सगळ्यांना. लेकीने हवा काढली होती. वजन थोडंच काढलं होतं? कपडे एवढेएवढेसे झाले आणि दोघं बापलेक त्या आकारालाच भुलले होते. गप्प बसावं, असं घडीबाईच्या मनात आलंच नाही. विमानतळावर सगळ्यांसमोर बॅग उघडायला लावतील, पोरीचे कपडे भुईवर पडतील. आणि खरं सांगायचं तर तिला गप्प बसायचंच नव्हतं.

"एकतीस आहे," ती म्हणाली. आवाजातला आनंद काही तिला लपवता आला नाही.

लेकीने हुकाचा छोटा काटा लावला. एकतीस किलो दोनशे ग्रॅम.

"दोनशे ग्रॅमनी चुकलीस!" बाप ओरडला.

"मुठीत धरून सांगितलंय. तुमच्या काट्याचं तुम्ही बघा," ती म्हणाली आणि लगेच खाली बसली. "राहू दे गं आठ किलो इथेच. कपाट आहेच की." तिने पिवळ्या स्वेटरच्या विटेकडे हातही नेला होता.

लेकीने बॅग उघडली. पण त्या विटांना तिने हात लावला नाही. तळाशी हात घालून तिने तिकडचा जाड राखाडी कोट ओढून काढला. तिकडची जुनी खोली सोडून ती आली होती, म्हणून सगळं सामान सोबत होतं. कोटामागून गुडघ्यापर्यंतचे बूट आले, मग परीक्षेची तीन ठोकळ्यांसारखी पुस्तकं. काटा तेवीसवर आला.

"वेड लागलंय का तुला?" घडीबाईला राहवेना. "थंडीतला कोट इथे ठेवून ही लक्तरं घेऊन चाललीस?"

"थंडीला अजून दीड महिना आहे. बघू तोवर."

"पण कशासाठी?"

लेक बॅगेशेजारी जमिनीवर बसली होती. थोडा वेळ ती चेनशी चाळा करत राहिली.

"नवी खोली मिळाली आहे ना मला, पहिल्यांदाच एकटीची. भिंतीएवढं कपाट आहे तिथे. यायच्या आधी मी ती बघायला गेले होते. सहज कपाट उघडलं आणि मला रडू आलं आई. आता यात मी काय ठेवणार? माझ्याकडे आहे ते सगळं तिकडचं. इथून नेलं होतं ते केव्हाच फाटून गेलं, तुझा हात लागलेलं एक फडकं उरलं नाही. मला ते घालायचं नाहीये. सुटीच्या दिवशी नुसतं उघडून बघायला हवंय."

सुटीच्या दिवशी कपाट उघडून बसणारी बाई जगात एकच आहे, असं घडीबाई इतकी वर्षं धरून चालली होती. पोरगी तिकडे याच दुखण्याने झुरत होती आणि औषध आपण इथे दोन खणांत दडवून ठेवलं होतं. तिला स्वतःचा राग आला. मग पोरीची इतकी माया आली, की ती ओरडलीच.

"सरक तिकडे. असं भरतात? शेणाच्या गोवऱ्या थापल्यासारखं?"

तिने एकेक पिशवी उघडली. हवा सूं करून आत शिरली, कपडे फुगून वर आले. ते तिने मांडीवर घेतले आणि घडी घालायला लागली. बाही आत, कॉलर वर, मग कोपरापासून मनगटापर्यंतचा तो हात. एकही सुरकुती नाही, केसाएवढी फट नाही. प्रत्येक कपडा ओळखीचा होता; प्रत्येकाला ती मनातल्या मनात जा म्हणत होती आणि प्रत्येकाशी तिचा हात क्षणभर रेंगाळत होता. सगळं झाल्यावर तिने पंप मागून घेतला आणि बटण स्वतः दाबलं. काढायला फारशी हवा उरलीच नव्हती. डबी दोन-चार क्षण गुणगुणली आणि गप्प झाली.

"इतकी घट्ट घडी तू माझ्या कपड्यांची कधीच घातली नव्हतीस," लेक म्हणाली.

"नव्हती घातली."

लेकीने तिच्याकडे बघितलं. तिला काय कळलं, किती कळलं, देव जाणे. संध्याकाळी ती गेली. निघताना बूट-पुस्तकं तिने पलंगाखाली सरकवली, कोट स्वतः कपाटात टांगला आणि दार लोटलं.

मग त्या रिकाम्या कपाटात तो कोट एकटाच राहिला. घडीबाईला तो आवडत नव्हता. त्याला इस्त्री चालत नव्हती, त्याची घडी होत नव्हती, आणि त्याच्या जोगी थंडी या गावात आजवर कधी पडली नव्हती. तरी रविवारी ती त्याला ब्रश मारायची. एकदा खिशात बसचं तिकीट सापडलं, तिला न वाचता येणाऱ्या अक्षरांतलं. लेक कुठून कुठे गेली असेल, उभी असेल की बसायला जागा मिळाली असेल, असा विचार करत ती बराच वेळ ते हातात धरून बसली. तिकीट तिने जिथल्या तिथे ठेवून दिलं.

दोन महिने झाले. धुलाईघरात जेवायच्या सुटीत सगळ्या बायका डबे उघडून बसल्या होत्या तेव्हा लेकीचा फोन आला, चेहरा दिसणारा. ती रस्त्यावर उभी होती, बसची वाट बघत. मागे सगळं पांढरंफेक.

"बर्फ बघ आई! केवढा पडलाय बघ!"

घडीबाईने बर्फ बघितलाच नाही. तिने लेकीचं लालभडक नाक बघितलं. एकावर एक चढवलेले दोन स्वेटर बघितले. वरचा पिवळा होता, बाह्या मनगटाच्या वर आलेल्या.

"कोट कुठे आहे?"

"तुझ्याकडे."

"तो नाही गं. नवा."

"घेतला नाही."

"का? दुकानं बंद आहेत का तिकडची?"

"माझा आहे ना तिथे," लेक हसत म्हणाली. "असताना दुसरा कशाला? न्यायला येईनच की."

घडीबाईच्या हातातला घास हातातच राहिला. ही चाल तिच्या चांगल्या ओळखीची होती. गेली कित्येक वर्षं ती स्वतःच ती खेळत आली होती. पोरीला यायचं होतं. यायला काहीतरी कारण राहावं म्हणून पोर थंडीत उभी होती. जे ऐकायला घडीबाईचा जीव आसुसला होता ते तिला ऐकायला मिळालं होतं, आणि ते तिला शब्दही न बदलता तसंच्या तसं हवं होतं. एक क्षण ती नुसती सुखावून बसली.

मग फोनमधून तिला लेकीचे दात एकमेकांवर आपटताना ऐकू आले.

"हे बघ," ती म्हणाली. शेजारच्या बायकांनी माना वर केल्या इतक्या मोठ्याने म्हणाली. "ती बस जाऊ दे. आत्ताच्या आत्ता दुकानात जा आणि कोट घे."

"अगं पण..."

"पण नाही नि बिण नाही. आणि स्वस्तातला, पातळ नको. चांगला जाड बघून घे."

लेक हसायची थांबली होती.

"ऐकतेस ना?" घडीबाईने विचारलं. "दहा वर्षं टिकेल असा घे."