कारणे न मांडलेली प्रार्थना

जिंतूरच्या तहसील कचेरीसमोरील लिंबाखाली बसून मी लोकांचे अर्ज लिहीत असे. माझे शिक्षण निजामी अमदानीत, उर्दूतून, चौथीपर्यंतच झाले. तथापि माझ्या मसुद्यातील शब्द कोणा साहेबाने खोडल्याचे मला स्मरत नाही. अर्जाचे एक शास्त्र असते. प्रथम मायना, मग विषय, त्याखाली कारणे आणि शेवटी मागणी. कारणे भक्कम नसतील तर मागणी फेटाळली जाते, हे मी प्रत्येक अर्जदारास समजावून सांगत असे.

त्याच लिंबाखाली ख्रिस्ती मंडळीचे एक वृद्ध पाळक स्मशानभूमीच्या जागेसाठी अर्ज लिहवून घ्यायला आले. अर्ज पुरा झाला तरी ते उठले नाहीत. माझ्या पत्नीची, धाकट्या लेकीची विचारपूस करीत बसले. तोवर लोक माझ्या लेखणीकडे येत, माझ्याकडे कोणी आले नव्हते. पुढे आम्ही उभयतांनी बाप्तिस्मा घेतला. भावकी बुद्धाच्या मार्गाने गेली होती. तिने आम्हांला तोडले नाही. फक्त शेजारीच राहणारी थोरली भावजय थट्टा सोडीत नसे.

रविवारी आमच्या ओसरीवर चार घरे जमत. पाळक आले नाहीत म्हणजे प्रार्थना मी चालवी आणि ती अर्थातच रीतसर असे. "परमकृपाळू प्रभूच्या सेवेशी सविनय सादर करतो की," असा आरंभ होई, मग कारणे ओळीने येत. भावजय पलीकडच्या अंगणात धान्य पाखडत असे. आमेन झाले की विचारी, "भावजी, निकाल लागला का नुसती तारीख पडली?" पत्नी पदर तोंडाशी धरून हसे.

दुष्काळ सरल्यानंतरच्या पावसाळ्यात पत्नीला मुदतीचा ताप आला. डॉक्टरांनी औषध दिले. ताप उतरला नाही तर परभणीस न्यावे लागेल, पण इतकी अशक्त बाई एस.टी.चे हादरे सोसेल की नाही हे आपण सांगू शकत नाही, असेही ते म्हणाले. मी कचेरीकडे जाणे बंद केले. भावजय दोन्ही वेळा भाताची पेज आणी आणि थट्टा करीत नसे. तिचे ते गप्प राहणेच मला अधिक भय घाली.

एका दुपारी मी खाटेशेजारी गुडघे टेकले. मायना म्हटला, विषय म्हटला आणि कारणांवर आलो. अर्जदाराने एकही रविवार चुकविलेला नाही. उपासनेस स्वतःची ओसरी दिली आहे. जाणूनबुजून खोटा अर्ज कधी लिहिलेला नाही. इतके झाले आणि माझी वाचा थांबली. समोर तिचा हात पडला होता, बांगड्या मनगटावर सैल झालेल्या. या हाताच्या बदल्यात माझे रविवार काय तोलाचे? आयुष्यभर मी इतरांची कारणे भक्कम करून दिली होती. माझे एकही उभे राहीना.

पत्नीने डोळे न उघडताच विचारले, "अवो, का थांबलात?"

"कारणे पुरत नाहीत," मी म्हणालो.

ती म्हणाली, "आपली लेक पाणी मागती तवा कारणं सांगती का? नुसतं बाबा म्हणती. तुमी बी तसंच म्हणा की."

मी "बापा" म्हटले. तेवढेच. तिचा हात धरून तसाच बसून राहिलो. पेज घेऊन आलेली भावजय दारात थबकली, आणि वाटी खाली ठेवून, डोक्यावर पदर घेऊन उंबऱ्याशी बसली.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी ताप उतरला. औषध लागू पडले, असे डॉक्टर म्हणाले. मी त्यांचे आभार मानले. ज्या विश्वासावर मी माझ्या आयुष्याची बांधणी केली, तो मात्र मला आदल्या दुपारीच मिळाला होता. तेव्हा तिचे काय होणार हे ठाऊक नव्हते, आणि तरीही ऐकणारा जवळ आहे, याविषयी माझ्या मनात शंका राहिली नव्हती.

ती भिंतीला टेकून बसू लागली, त्या रविवारी ओसरी भरली. सर्वांनी माझ्याकडे पाहिले. मी उभा राहिलो. "बापा, ती बसली आहे," एवढे म्हणालो, आणि आमेन म्हणून खाली बसलो.

पलीकडे सुपाचा आवाज थांबला. "भावजी, आज कचेरी लय लवकर सुटली," भावजय म्हणाली.

पत्नीने पदर तोंडाशी धरला. तेवढ्या हसण्यानेही तिला धाप लागली, म्हणून मी पाण्याचा तांब्या आणायला आत गेलो.